एकाच नळीवरचं वैर

आमच्या जिन्यात एल्विराबाईंना समोर सगळे एल्विराबाई म्हणायचे आणि पाठीमागे 'क्रेन'. हे नाव काही नुसतं चिडवण्यापुरतं नव्हतं. पानेवेझिस गावाच्या वेशीबाहेर सिमेंटच्या भिंती ओतायचा कारखाना होता. तिथं शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी मोठी क्रेन होती आणि उभी हयात त्या तिच्यावर बसल्या. आख्खी भिंत, खिडकीच्या भोकासकट, उचलून या टोकापासून त्या टोकाला न्यायच्या. खाली उभी माणसं त्यांना टोपीएवढी दिसायची आणि त्या वरून त्यांना शिव्या घालायच्या. आमची पाच मजली इमारत त्याच कारखान्याच्या भिंतींची. कुणाच्याही घरात गेल्या की भिंतीवर थाप मारून म्हणत, "ही मी उचललेली." आणि मग त्या घरात मोठ्यानं बोलायचा आपल्याला हक्कच आहे अशा आवाजात बोलत.

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. त्या चौथ्या. त्यांच्या डोक्यावर, पाचव्या मजल्यावर, झेनोनास. झेनोनास म्हणजे त्यांचा नवरा. एकेकाळचा.

चौथ्या मजल्यावरचं घर नवराबायकोला मिळून कारखान्यानं दिलेलं. वर बेनिग्ना नावाची विधवा राहायची. शिवणकाम करायची. बुटकी, हळू बोलणारी, बारा महिने खांद्यावर लोकरीची शाल. तिचं शिवणयंत्र बिघडलं की झेनोनास वर जायचा. यंत्र फारच बिघडायला लागलं तेव्हा जिन्यातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं, फक्त एल्विराबाईंच्या नाही. एका सकाळी तो दोन बॅगा घेऊन घराबाहेर पडला आणि खाली उतरायच्या ऐवजी वर चढून गेला. दुसऱ्यांचे नवरे सोडून जातात ते दुसऱ्या गावी जातात, इंग्लंडला नाहीतर नॉर्वेला जातात. यांचा नवरा एक जिना चढून गेला.

"घर बदला," लोकांनी सांगितलं. "दुसऱ्या वस्तीत बदलून मिळेल."

"मी का जाऊ? भिंती मी उचलल्यात. ज्याला लाज असेल त्यानं जावं."

लाज कुणालाच नव्हती म्हणायची, कारण कुणीच गेलं नाही. तेव्हापासून एल्विराबाई छताकडे कान लावून जगल्या. वरचे केव्हा उठले, केव्हा आंघोळीला गेले, खुर्ची कुणी ओढली, सगळं त्यांना कळायचं आणि दुसऱ्या दिवशी ते आम्हाला कळायचं. बेनिग्ना गॅलरीत चादरी वाळत घालायची. एल्विराबाईंनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. पण चादरी बाहेर आल्या की त्या खालच्या गॅलरीत उभ्या राहून सिगारेट पेटवायच्या आणि धूर वर सोडायच्या. खोकून खोकून डोळ्यांत पाणी यायचं, तरी संपेपर्यंत हलायच्या नाहीत.

बेनिग्ना वारली ती वसंतात. तिची शवपेटी खाली उतरवत होते तेव्हा एल्विराबाईंनी आपलं दार सताड उघडं ठेवून शेगडीवर मासे तळायला घेतले. जिना धुरानं आणि वासानं भरून गेला. पेटी धरलेली माणसं ठसकली. झेनोनास त्यांच्या दाराशी क्षणभर थांबला. आम्हाला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार, आणि बरंच काही बोलणार.

"मासा करपतोय," एवढंच म्हणाला आणि उतरून गेला.

त्या उन्हाळ्यात त्यानं घरातले रेडिएटर बदलले. बेनिग्नाला थंडी सोसायची नाही, म्हणून त्या घराची भट्टी झालेली असायची, आणि झेनोनास भर हिवाळ्यात बनियनवर खिडकीत बसायचा. आता त्याला हवी तेवढीच ऊब हवी होती. एदमुंदास नावाचा एक नळकाम करणारा त्यानं शोधून काढला. हा माणूस हातापेक्षा तोंडानं जास्त काम करायचा. त्यानं जुने बिडाचे रेडिएटर काढून पांढरे चपटे बसवले आणि प्रत्येकाच्या तोंडाशी थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह लावला. वाटीएवढं पांढरं डोकं, त्यावर एक ते पाच आकडे आणि सगळ्यात खाली बर्फाचा एक छोटा तारा. आकडा फिरवून ठेवायचा. खोली तेवढी तापली की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो, गार झाली की उघडतो. वस्तू चांगली आहे, तिच्यात खोट नाही. खोट एदमुंदासच्या कामात होती.

आमच्याकडे ऊब गावाच्या बॉयलरघरातून येते. गरम पाणी तळघरातून एका नळीनं सरळ पाचव्या मजल्यावर चढतं, आणि तिथून प्रत्येक घराच्या रेडिएटरमधून एकामागून एक खाली उतरत येतं. प्रत्येक रेडिएटरशेजारी एक आखूड बगलेची नळी असते. कुणी आपला रेडिएटर मिटला तर पाणी त्या बगलेनं खाली जातं आणि खालच्यांचं अडत नाही. एदमुंदासला ती नळी डोळ्यांत खुपली. "असली वाकडीतिकडी नळी आता कोण ठेवतं, काका? सगळं पाणी रेडिएटरमधनं गेलं पाहिजे, तरच मजा." आणि त्यानं ती कापून टाकली. दोन्ही खोल्यांतली. व्यवस्थापन कंपनीची परवानगी वगैरे दोघांच्याही गावी नव्हती.

ऑक्टोबरात ऊब सुरू झाली. आमच्या पुढच्या खोलीतला रेडिएटर कधी गरम, कधी कोमट. झोपायच्या खोलीतला मात्र मढ्यासारखा गार. मी हवा काढून पाहिली, माझ्या नवऱ्यानं, लेओनासनं, ठोकून पाहिलं. काही नाही. मी वर जाऊन एल्विराबाईंना विचारावं म्हणत होते, तेवढ्यात त्याच दार ठोठावत आल्या.

"तुझ्याकडे आहे का ऊब?"

"निजायच्या खोलीत नाही."

"मग त्यानंच केलंय. मी म्हटलंच होतं." बोट छताकडे. "नवीन नळ बसवलेत ना मेल्यानं. रोज मी अंथरुणावर पडले की वरून खुट्ट आवाज येतो. खुट्ट, मग थोड्या वेळानं परत खुट्ट. मी निजायची वेळ त्याला पाठ आहे. तेवढी वेळ साधून मिटतो."

"इतकं कोण करतंय, एल्विराबाई?"

"तू त्याच्याशी संसार केलायस का मी?"

आम्ही दोघी वर गेलो. झेनोनासनं दार बोटभर उघडलं. मागून उबदार हवा आली आणि तळलेल्या डुकराच्या चरबीचा वास.

"खालच्यांची ऊब सोड," एल्विराबाई म्हणाल्या.

"माझ्या खिशात नाही ती."

"नळ मिटून बसलायस. आम्ही मरतोय खाली."

"माझ्या घरातला नळ मी मिटेन, उघडेन, नाहीतर त्यावर टोपी अडकवेन. इतकी वर्षं मी उकडून निघालो तेव्हा कुणी विचारायला आलं नाही."

"त्या शालवालीसाठी उकडत होतास ना? आता ती मातीत गारठलीय, म्हणून आम्हालाही गारठवणार?"

झेनोनासचा चेहरा बदलला. तो माझ्याकडे वळला, जणू एल्विराबाई तिथं नव्हत्याच. "वीदा, तू बरी बाई आहेस. हिला घेऊन खाली जा. आणि पुन्हा हिच्यासोबत माझ्या दारात येऊ नकोस." दार लागलं.

मग जिन्यात लढाई जुंपली. एल्विराबाई पहाट झाली की नळीवर डाव आपटायला लागायच्या. झेनोनास वरून पान्यानं उत्तर द्यायचा. नळी सगळ्यांच्या घरातून जाते, म्हणून उठायचे सगळे. त्यानं जिन्यात ठेवलेल्या खारवलेल्या कोबीच्या पिंपाचं झाकण उघडं सापडलं आणि आत कुणीतरी साबणाचं पाणी ओतलेलं. एल्विराबाईंच्या दाराच्या कुलपात काडी मोडलेली सापडली. पितरांच्या दिवशी सगळं गाव थडग्यांवर मेणबत्त्या लावत होतं, तेव्हा एल्विराबाई बेनिग्नाच्या थडग्याशी उभ्या असलेल्या झेनोनासच्या मागून गेल्या आणि म्हणाल्या, "तिला लाव ऊब. तिला गरज आहे." चार लोकांनी ऐकलं. झेनोनासनं मागं वळून पाहिलं नाही.

आता लेओनासची गोष्ट. माझा नवरा बसगाड्यांचा मेकॅनिक होता आणि त्याच्या जिभेला ब्रेक कधीच लागले नाहीत. नोव्हेंबरात एके दिवशी टपालाच्या डब्यांपाशी एल्विराबाई आपलं गाऱ्हाणं तिसऱ्यांदा सांगत होत्या, तेव्हा हा म्हणाला, "अहो, त्यात काय एवढं. बगलेच्या नळ्या कापल्यात म्हणजे सगळी घरं एका दोरीत ओवलीत. वरच्यानं मिटलं तर खालचे गारठतात, तसं खालच्यानं मिटलं तर वरचाही गारठेल. पाणी जाणार कुठं?"

एल्विराबाई गप्प झाल्या. मला त्यांचं बोलणं जेवढं नकोसं वाटायचं त्याहून ते गप्प होणं नकोसं वाटलं.

"जीभ आवर जरा," मी लेओनासला घरात आल्यावर म्हटलं.

"गंमत केली गं."

गंमत आठवड्याच्या आत आमच्या घरी आली. नळ्यांतून गुडगुड आवाज यायला लागला, रेडिएटर होता नव्हता तेवढाही गार पडला. मी वर धावले. एल्विराबाईंचं दार उघडं होतं. एदमुंदास गुडघ्यांवर बसून शेवटची चकती आवळत होता आणि फरशीवर कापलेल्या दोन बगलेच्या नळ्या पडल्या होत्या. तळघराची किल्ली एल्विराबाईंकडे असायची. पाणी त्यांनीच उतरवून दिलं होतं. दोन्ही खोल्यांत नवे व्हॉल्व्ह, झेनोनासकडे होते अगदी तसेच.

"डोकं आडवं बसवायचं, मावशी, असं," एदमुंदास समजावत होता. "उभं बसवलं तर खालच्या नळीची धग लागून त्याला वाटतं खोलीच तापलीय. आणि पडद्याआड झाकायचं नाही. आता बघा, दोनवर निजायची खोली. तीनवर बसायची. पाच म्हणजे अगदी भट्टी."

"आणि हा तारा?"

"तो? तो घर बंद करून गावाला जाता ना, त्यासाठी. नळ्या गोठू नयेत एवढंच बघतो तो. एरवी बंदच म्हणायचं."

"तिथंच ठेव. दोन्ही."

एदमुंदासनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी, बाहेर बर्फ पडतोय."

"तुला काम सांगितलंय ना? मग बर्फाचं मला काय सांगतोस?"

त्यानं फिरवलं. डोकं हलकंच करकरलं आणि ताऱ्यावर थांबलं. मी म्हणाले, "एल्विराबाई, अहो तुम्हीसुद्धा गारठणार. आम्हीसुद्धा."

"मी क्रेनवर बसलेय. शेडला दारं नव्हती, वारा एका बाजूनं शिरून दुसरीकडून जायचा. मी बघते तो किती दिवस काढतो ते."

"आमचं काय?"

"तुम्ही एवढे दिवस त्याच्या दारात जाऊन ओरडलात का? नाही ना. मग आता ओरडा."

पुढचे दिवस मला आठवले तरी अंगावर काटा येतो, आणि तो थंडीचा नाही, रागाचा. झेनोनासच्या पुढच्या खोलीतली ऊब गेली. तो अंगात ओव्हरकोट घालून खाली आला आणि त्यानं एल्विराबाईंच्या दारावर मुठी आपटल्या. त्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर कानटोपी होती, पायांत कारखान्यातले जाड नमद्याचे बूट. मला वाटतं त्या दिवशी त्या खूश होत्या. इतक्या वर्षांनी तो त्यांच्या दारात आला होता.

"नळ उघड."

"माझ्या घरातला नळ. टोपी अडकवेन त्यावर."

"तुला स्वतःला उबेत राहायचं नव्हतं कधी. दुसरा राहिला की पोटात दुखतं तुझ्या."

"आधी तू उघड वरचा."

"माझा उघडाच आहे."

"खोटारडा. रोज ऐकते मी."

त्यानं विजेचा हीटर आणला. एल्विराबाईंनी स्वयंपाकघरात बिऱ्हाड केलं, गॅसची शेगडी पेटती ठेवून तिथंच निजायच्या. आमच्या खाली राहणारे आम्हाला शिव्या घालायचे, कारण आम्ही जवळचे. आणि लेओनासची छाती. त्याला जुनं दुखणं होतं, गार हवा लागली की धाप. तो टोपी घालून झोपायला लागला आणि पहिल्या दिवशी त्यावर विनोद केला. नंतर त्याचे विनोद थांबले. खोकला सुरू झाला तो थांबेचना, आणि एका सकाळी त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

त्याला ठेवून घेतलं तिथं. मी परत आले ती घरात न जाता सरळ चौथ्या मजल्यावर गेले.

"माझा नवरा दवाखान्यात आहे," मी म्हटलं.

"वरच्याला सांग."

"तुम्हाला सांगतेय. त्या दोघांच्या चादरी, त्यांची शाल, त्यांचं यंत्र, सगळं ऐकलं मी इतकी वर्षं. मान डोलावली. आता त्यापायी माझा माणूस मेला तर मी तुमच्या दारासमोर त्याची पेटी ठेवीन, आणि मासे तुम्हाला तळू देणार नाही."

पण उत्तर आलं ते नेहमीचंच. "आधी त्यानं उघडावं."

मी व्यवस्थापन कंपनीत जाऊन बसले आणि कुणीतरी येतो म्हणेपर्यंत उठले नाही. स्काइस्ते नावाची तरुण इंजिनिअर आली. उंच, नाकावर चष्मा, बूट काढायला सांगितले तर मोज्यांवर सरळ चालत जाणारी. तिनं तळघर पाहिलं, माझे रेडिएटर पाहिले, आणि चौथ्या मजल्यावर कापलेल्या बगला पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे कुणी केलं?"

"जो वर करून गेला त्यानंच," एल्विराबाई म्हणाल्या. "आधी वर चला. मी पण येते. मला बघायचंय तो कसा मिटतो ते."

"तुम्ही कशाला?"

"साक्षीला."

झेनोनासनं या खेपेला दार पूर्ण उघडलं; स्काइस्तेच्या हातात कंपनीचं ओळखपत्र होतं. एल्विराबाईंनी उंबरा ओलांडला. तो वर गेल्यापासून त्यांनी या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. घर त्यांच्याच घरासारखं, खोलीवर खोली तशीच, तरी त्या आंधळ्यासारख्या भिंतीला हात लावत चालल्या. भिंत मी उचललेली असं मात्र या वेळी म्हणाल्या नाहीत.

पुढच्या खोलीत व्हॉल्व्ह दोनवर होता. "हा ठीक आहे," स्काइस्ते म्हणाली. "बगल नाही ती नाहीच, पण डोकं ठीक बसलंय. निजायची खोली?"

"बंद असते," झेनोनास म्हणाला.

"उघडा."

त्याला किल्ली सापडायला वेळ लागला. दार ओलसर होऊन फुगलं होतं, खांद्यानं ढकलावं लागलं. आत कुबट गारवा. पलंगावर चादर एकही सुरकुती नसलेली, उशीवर धुळीचा थर. शिवणयंत्रावर फडकं. खुर्चीच्या पाठीवर ती शाल.

रेडिएटर खिडकीखाली होता. त्याच्या व्हॉल्व्हचं डोकं बर्फाच्या ताऱ्यावर होतं आणि त्यावर कारखान्यातून येतं ते पातळ प्लास्टिक अजून गुंडाळलेलं होतं. चिकटपट्टीसुद्धा उचकटलेली नव्हती.

स्काइस्तेनं नखानं ते प्लास्टिक टोकरलं. "हे बसवल्यापासून कुणी हात लावलेला नाही याला."

"मी ऐकलंय," एल्विराबाई म्हणाल्या. "रोज. खुट्ट."

"नळी गार होताना आवाज करते, बाई. लोखंड आकसतं. शेजारच्या उभ्या नळ्या चालू आहेत, त्या तापतात, निवतात. रोज त्याच वेळेला येईल आवाज. बॉयलरघरातून तापमान त्याच वेळेला उतरवतात."

"मी ऐकलंय. तो पावलं टाकत यायचा इथं."

"मी या खोलीत येत नाही," झेनोनास म्हणाला. तो दारातच उभा होता, आत आलाच नव्हता. "ती गेल्यापासून नाही. स्वयंपाकघरात निजतो मी. त्या पोराला सांगितलं होतं, ही खोली वापरायची नाहीये, तुला काय करायचं ते कर. त्यानं काय करून ठेवलं ते मला आजच कळतंय."

"तू मला गारठवायला..."

"एल्विरा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तुझा विचारच नव्हता माझ्या डोक्यात. खाली कोण राहतं, कुणाला काय होईल, काही आठवलं नाही मला. खरंच नाही."

मी दवाखान्यातून आले होते. माझ्या हातात लेओनासच्या धुवायच्या कपड्यांची पिशवी होती. मला दया बिया काही आली नाही. मी म्हणाले, "ऐकलंत? म्हणजे भांडण तुम्ही एकट्याच करत होता. आणि कुडकुडलो आम्ही सगळे."

एल्विराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. झेनोनासकडे नाही, माझ्याकडे. मग त्या खुर्चीला वळसा घालून, शालीला अंग लागू नये अशा बेतानं, बाहेर गेल्या. जिन्यावर त्यांच्या जड बुटांचा आवाज आला आणि त्यांचं दार लागलं, अगदी हळू.

दुसऱ्याच दिवशी कंपनीची माणसं आली. पाणी उतरवलं, चारी ठिकाणी बगलेच्या नळ्या परत जोडल्या. एल्विराबाईंनी दार उघडून दिलं. माणसं त्यांना घाबरून होती. नाव ऐकलेलं होतं. स्काइस्तेनं स्वतः व्हॉल्व्हची डोकी काढून परत बसवली, पुढच्या खोल्यांतली दोन्ही तीनवर ठेवली, निजायच्या खोल्यांतली दोन्ही दोनवर. वर झेनोनासला तिनं बजावलं, खोली वापरा न वापरा, ताऱ्यावर ठेवायची नाही; भिंतींना बुरशी लागेल. त्यानं मान हलवली. ती खोली उघडी ठेवायला मात्र तो तयार झाला नाही, म्हणून दोनवर ठेवून दार पुन्हा लावलं.

संध्याकाळपर्यंत माझा रेडिएटर तापला. मी पाठ टेकून किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. लेओनास नाताळच्या आधी घरी आला. पहिल्यासारखा नाही, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबतो अजून. एदमुंदासला कंपनीनं गाठलं की नाही ते कळलं नाही. आमच्या वस्तीत तो पुन्हा दिसला नाही.

मला वाटलं होतं, आता तरी जिन्यात शांतता होईल. झाली ती वरच्या दोन मजल्यांत. एल्विराबाईंनी झेनोनासचं नाव टाकलं. त्याच्याबद्दल बरं नाही, वाईट नाही, काहीच नाही. गॅलरीत सिगारेट नाही. तो जिन्यात समोरून आला तर त्या बाजूला होऊन वाट द्यायच्या, एखाद्या परक्या म्हाताऱ्याला देतात तशी. मी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला ते शिव्यांपेक्षा जड जात होतं. वसंतात तो घर विकून कुपिश्किसला भावाकडे गेला. सामान उतरत होतं तेव्हा एल्विराबाईंचं दार बंद होतं आणि आत रेडिओ चालू होता, बेताच्याच आवाजात.

त्यांना माणूस लागतो भांडायला, आणि ती मी झाले. वरच्या खोलीत त्यांची झालेली फजिती मी पाहिली होती, वर ती मोठ्यानं बोलूनही दाखवली होती. ते त्यांना माफ करवलं नाही. आता त्यांचे बूट माझ्या डोक्यावर वाजतात. लेओनासच्या खोकल्यानं आपली झोप मोडते अशी तक्रार त्यांनी केली. माझ्या घरातून कांद्याचा वास वर येतो, माझ्या पायपुसण्याची धूळ वर उडते, मी जिन्यातला दिवा मुद्दाम जळता ठेवते. बेकरीत त्यांनी सांगितलं की वीदानं नवऱ्याला दवाखान्यात टाकलं ते घरात मोकळं वावरायला मिळावं म्हणून. मी ते ऐकून घरी आले आणि डाव हातात घेऊन नळीसमोर उभी राहिले. मग ठेवून दिला. पण ठेवताना हात शिवशिवत होता, हे खरं.

लेओनास म्हणतो, "म्हातारीला सोडून दे."

"तू मध्ये पडू नकोस. तुझ्या गमतीची फळं आहेत ही."

या ऑक्टोबरात ऊब सुरू झाली त्या दिवशी मी ब्रेड घेऊन वर येत होते. एल्विराबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या, कठड्यावरून खाली वाकून, क्रेनवरून पाहावं तशा. इतक्या महिन्यांत त्या माझ्याशी थेट बोलल्या नव्हत्या.

"तुझ्याकडे आली का ऊब?"

मी थांबले. विचारताहेत तर सांगावं म्हटलं. "आली. मघाशीच."

"माझ्याकडे सकाळीच आली होती," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाणी वरून खाली येतं, त्यांच्याकडे आधी पोचणारच. पण मी दिवसभर धुमसत होते.